पाणमांजराचं रक्त

माझा दादा पोहण्याच्या सार्वजनिक तलावावर कामाला, अठ्ठावीस वर्षं झाली. मिशा कायम ओल्या, केस चपटे, आणि पाण्यात शिरला तरी आवाज म्हणून नाही. त्यामुळे तिथे येणारे सगळे त्याला पाणमांजर म्हणायचे, आणि त्याला ते मनापासून आवडायचं.

तलाव बंदिस्त होता. वर उंच छप्पर आणि छपराला काचेच्या तावदानांची एक लांबच लांब पट्टी. सकाळी ऊन त्या काचांतून पाण्यावर पडायचं, पाण्यावरून उलटं छताला लागायचं, आणि मग सगळं छतच सावकाश हलायला लागायचं. त्या हलत्या छताखाली उभा राहून तो भित्र्या बायकांना, पोट सुटलेल्या कारकुनांना, पाण्याचा धसका घेतलेल्या पोरांना एकच गोष्ट सांगायचा. अंग सोडा. पाणी उचलतं, तुम्ही फक्त मध्ये येऊ नका.

त्याच्या दिवसाची सुरुवात पाणी तपासण्याने व्हायची. एका छोट्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, चढलेला रंग कार्डावरच्या रंगांशी जुळवून बघायचा. पाणी तर आरशासारखं दिसतंय, मग रोज कसली तपासणी, असं मी एकदा त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "बारके, दिसण्यावर भागलं असतं तर नळ्या कशाला दिल्या असत्या?"

मी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. चाळिशी उलटली, पोटची लेक कॉलेजात गेली, तरी मी त्याची बारकीच.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या डोळ्यांत बघण्याचेच मला पैसे मिळतात. दादा एकदा चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून दुकानात आला. मी स्क्रू आवळला, चष्मा त्याच्या नाकावर ठेवला, सरळ बसलाय का ते बघायला जवळ वाकले आणि तशीच राहिले. त्याच्या डोळ्यांतलं पांढरं पांढरं नव्हतं. जुन्या पुस्तकाच्या पानांना कडेने येतो तसला रंग त्याला आला होता. संध्याकाळी मी वहिनीला फोन केला आणि हसत म्हटलं, लोकांचे डोळे पांढरे होतात, आमच्या दादाचे पिवळे झालेत. वहिनी हसली नाही. महिनाभर त्याच्या पँटचं बटण लागत नाही, ती म्हणाली, आणि जेवण तर निम्म्यावर आलंय.

आम्ही त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर वयस्कर होते, बाहेर वीसएक माणसं ताटकळत होती. त्यांनी पोट दाबून बघितलं, सोनोग्राफी करून आणायला सांगितली, आणि दुसऱ्या खेपेला फोटो उजेडासमोर धरून विचारलं, "घेता का?"

माझा दादा संकोची माणूस. कुणी सरळ काही विचारलं की त्याला वाटतं, नाही म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटेल. तो म्हणाला, "कधीतरी."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून टाकलं. त्या एका शब्दाचं कागदावर काय झालं ते आम्हाला फार उशिरा कळलं. लिव्हर खराब, कारण दारू. पुढच्या प्रत्येक कागदावर तेच उतरत गेलं.

आणि मीही विश्वास ठेवला. याला कारण होतं. आमचे बाबा प्यायचे. संध्याकाळी त्यांच्या पावलांच्या आवाजावरून आम्ही दोघं ठरवायचो की आज पलंगाखाली जायचं की बाहेर थांबायचं. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, दादा अकराचा. बाबांच्या धसक्याने गेली बिचारी, असं सगळे म्हणायचे. घरातलं दुःख कुठून आलं हे आम्हाला पाठ होतं. त्यामुळे दादाच्या फाइलवर तो शब्द आला तेव्हा मला धक्का बसलाच नाही. राग आला.

मी त्याच्यावर पाळत ठेवली. गप्पा मारायच्या निमित्ताने जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घ्यायचे. एकदा तो पाण्यात असताना तलावावरच्या त्याच्या खोलीत शिरून कपाट उघडलं. आत दोन टॉवेल, एक शिट्टी, कंगवा आणि काळपट काचेच्या चार बाटल्या. मी एकेकीचं झाकण काढून हुंगलं. पाणी तपासायची औषधं होती ती, नाक झोंबलं. तरी माझं समाधान झालं नाही. मला वाटलं, म्हणजे दुसरीकडे लपवत असणार. त्याच आठवड्यात त्याच्या घरी, वहिनीच्या देखत मी त्याला म्हणाले, "शेवटी बाबांसारखाच निघालास."

हातातला कप त्याने बशीत ठेवला, मग बशी टेबलाच्या मधोमध सरकवली, आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

पुढची दोन वर्षं आम्ही कामापुरतं बोललो. तो गोळ्या घ्यायचा, त्याच्या पोटात पाणी साठायचं, ते काढायचे, परत साठायचं. आयुष्यभर पाण्यात राहिला, आता पाणी त्याच्यात राहायला आलं, असं तो तलावावरच्या लोकांना सांगायचा. तलावाच्या व्यवस्थापकाने त्याला पाण्यातून काढून तिकिटाच्या खिडकीत बसवलं.

आणि मग त्याच्यावर धुकं उतरायला लागलं.

आधी झोप उलटली. अंधार पडला की त्याचे डोळे टक्क उघडे आणि दिवसा खिडकीत बसल्या बसल्या मान छातीवर. तिकीट मागायला आलेल्या माणसाला तो सुटे पैसे द्यायचा आणि तिकीट द्यायला विसरायचा. शर्टाची बटणं एक घर चुकून लावायचा. बोलताना शब्द मध्येच कुठेतरी सुटायचा आणि तो शांतपणे त्याची वाट बघत बसायचा, शब्द जणू पोहून काठाला येणारच आहे. वहिनी म्हणायची, माणूस समोर आहे पण घरात नाही. मला वाटायचं, आता हा दिवसाही पितो.

एके दिवशी वहिनीचा दुकानात फोन आला. तलाव सफाईसाठी बंद होता, तरी दादा कामावर गेला होता आणि फोन उचलत नव्हता. तिला तापाने उठवत नव्हतं. मी दुपारच्या सुट्टीत गेले.

आत कुणीच नव्हतं. पाणी इतकं स्थिर की तळावरच्या काळ्या रेघा चाकूने आखल्यासारख्या दिसत होत्या. दादा काठावर बसला होता आणि त्याने बूट-मोज्यांसकट दोन्ही पाय पाण्यात सोडले होते. मी हाक मारली. त्याने मान वळवली आणि इतक्या प्रेमाने हसला, की जणू दोन वर्षांत काही घडलंच नसावं.

"आई आत्ताच गेली," तो म्हणाला. "थोडी आधी आली असतीस तर भेटली असती."

मी त्याच्या शेजारी बसले. त्याच्या पायांनी पाणी जरासं हललं होतं आणि त्यामुळे छतावर उजेडाच्या जाळ्या सरकत होत्या. एखाद्या खूप मोठ्या प्राण्याच्या पोटात बसावं आणि त्याने संथ श्वास घ्यावा, तसं वाटत होतं. दादा हळूहळू बोलायला लागला. थांबत, विसरत, पुन्हा धागा पकडत. त्याचा आवाज पाण्यावरून जाऊन पलीकडच्या भिंतीवरून परत येत होता, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं.

त्याने सांगितलं की आईसुद्धा दिवसा झोपायची. तो शाळेतून आला की ती जमिनीवर पडलेली असायची, आणि हलवून उठवलं की त्यालाच विचारायची, तू कुणाचा रे? एकदा तिने चहात साखरेच्या जागी मीठ घातलं आणि स्वतःच ते पिऊन टाकलं, तिला कळलंसुद्धा नाही. हात पुढे केले की थरथरायचे. पोट मोठं झालं होतं आणि त्याला वाटायचं, आपल्याला आणखी एक भावंड होणार. तो वाट बघत होता.

यातलं मला काही आठवत नव्हतं. मला फक्त तिचा गार हात आठवतो, कपाळावरचा.

मग त्याची मान छातीवर आली. मला वाटलं झोपला. पण तो म्हणाला, "बारके, पण ती तर कधी प्यायली नव्हती."

मी छताकडे बघत राहिले. चाळीस वर्षं आम्ही सगळ्यांनी एकाच घरातल्या दोन पोटांच्या दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. बाई होती म्हणून ती धसक्याने गेली, आणि पुरुष आहे म्हणून हा दारूने चाललाय. मी त्याचे बूट काढले, मोजे पिळले आणि त्याला हाताला धरून उठवलं. तो मुकाट्याने माझ्यामागून आला, लहानपणी मी त्याच्यामागून चालायचे तसा.

त्याच दुपारी आम्ही त्याला मोठ्या रुग्णालयात नेलं. वहिनी टॅक्सीत शाल गुंडाळून बसली होती, अंगात ताप, मांडीवर विटेएवढी जाड फाइल. तिथे एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी दादाला दोन्ही हात पुढे धरायला सांगितले, समोरची गाडी थांबवताना धरतो तसे तळवे उभे. त्याचे तळवे पंखांसारखे खालीवर फडफडले. "पोहतोय," दादा त्यांना समजावून म्हणाला. त्या हसल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मऊ झाला. लिव्हर थकलं की रक्तातली घाण नीट गाळली जात नाही आणि मेंदूवर धुकं येतं, त्यांनी आम्हाला सांगितलं. हे उतरू शकतं. मग त्या फाइल पहिल्या पानापासून वाचायला बसल्या. मी इतकी वर्षं दवाखाने बघितले, पण फाइल पहिल्या पानापासून वाचणारं माणूस तिथे पहिल्यांदा बघितलं.

किती घेतात, त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, लग्नानंतर चारदा, तीही मित्रांच्या आग्रहाने, आणि दोनदा उलटी झाली. बाईंनी पुन्हा पानं मागे-पुढे केली. मग म्हणाल्या, हिपॅटायटिस बीची तपासणी कुठे दिसत नाही. केली होती का?

ते नावसुद्धा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

"दारू घेत असते तरी ही तपासणी करायलाच हवी होती," त्या म्हणाल्या. "लिव्हर इतके दिवस दुखावलेलं असेल तर कारण कितीही उघड वाटो, हे रक्त बघायचंच. घरात आणखी कुणाला असा त्रास होता?"

तेव्हा मी त्यांना आईबद्दल सांगितलं. तलावाच्या काठावर ऐकलेलं सगळं, त्याच क्रमाने. त्या लिहीत होत्या.

रक्त घ्यायला प्रयोगशाळेतल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, जरा वाकडाच. मला तो सरळ करायचा मोह झाला. त्यांनी दादाच्या दंडाला पट्टा बांधला, शीर बोटाने चाचपली, तीन छोट्या नळ्या भरल्या. दादा अर्धवट झोपेत त्या नळ्यांकडे बघत होता आणि त्याने फार जिव्हाळ्याने विचारलं की थेंब कधी टाकणार आणि रंग कोणता येईल. बाई म्हणाल्या, रंग नाही हो, रेघ येते. एक आली तर बरं, दोन आल्या तर पुढचं बघायचं.

दोन आल्या. तासाभरात. पण त्या पट्टीवर थांबायचं नव्हतं. उरलेलं रक्त मशिनवर गेलं, आणि त्यात विषाणू किती आहेत हे मोजायला एक नळी दुसरीकडे पाठवली. ते आकडे यायला चार दिवस लागले. तोवर दादाला एक घट्ट गोड औषध सुरू झालं होतं आणि धुकं विरळ होत होतं. तिसऱ्या दिवशी त्याने वहिनीला नावाने हाक मारली. चौथ्या दिवशी त्याने विचारलं की तलावाचं पाणी कोण तपासतंय.

आकडे आले. डॉक्टरबाईंनी पलंगापाशी खुर्ची ओढून सगळं सांगितलं. रक्तात विषाणू भरपूर होते. तो बहुधा जन्माच्या वेळीच आईकडून आलेला असणार. तान्ह्या बाळाला मिळाला की बहुतेक वेळा मुक्काम ठोकतो आणि वर्षानुवर्षं काही कळू न देता लिव्हर कुरतडतो. एकत्र जेवण्याने, मिठी मारण्याने, पोहण्याच्या पाण्याने तो पसरत नाही. रक्ताने पसरतो, नवरा-बायकोत पसरू शकतो, एकच वस्तरा वापरल्याने पसरू शकतो. रोज एक गोळी घ्यायची, ती त्याला दाबून ठेवते. दाबला गेला की लिव्हर थोडं सावरतं, कधी कधी बरंच सावरतं.

मी विचारलं, आईला हेच होतं का?

"आईचं रक्त आता कुणालाच तपासता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमचं येईल."

दादाचं भावंड म्हणजे मी एकटीच. माझं, वहिनीचं, माझ्या नवऱ्याचं आणि लेकीचं, सगळ्यांचं रक्त घेतलं. निकालाच्या दिवशी मी प्रयोगशाळेबाहेरच्या लांब बाकावर बसले होते. दादा पलंगावरून उठून, भिंतीला हात लावत लावत माझ्या शेजारी येऊन बसला. समोरच्या खिडकीत पडदा वाऱ्याने फुगत होता आणि खाली बसत होता. ठीक वाटण्याची आणि आजारी असण्याची हद्द कुठे असते, मी विचार करत होते. मला काहीच होत नव्हतं. मी जिने चढत होते, गाणी गुणगुणत होते, आणि कदाचित आईचं काहीतरी चाळीस वर्षं माझ्या रक्तात निवांत पोहत होतं.

"दादा," मी म्हणाले, "मी तुझं कपाट उघडलं होतं. बाटल्यांचा वास घेतला होता."

"माहीत आहे. दोन बाटल्यांच्या झाकणांची अदलाबदल करून गेलीस. तीन दिवस पाण्याचा रंग भलताच येत होता."

मला हसू आलं आणि रडूही. बोलला का नाहीस, मी विचारलं. एकदा तरी ओरडायचंस माझ्यावर.

तो पडद्याकडे बघत होता. "काय बोलणार? डॉक्टर म्हणतात, तू म्हणतेस, कागदावर छापून येतंय. मग मलाच वाटायला लागलं, मी झोपेत उठून पीत असेन."

मी त्याचा हात धरला. माफ कर, असं मी म्हणाले तेव्हा माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. त्याला आला असावा, कारण त्याने माझं बोट दोनदा दाबलं. लहानपणी पलंगाखाली लपल्यावर आमची तीच खूण होती, गेले बाबा, आता बाहेर ये.

माझ्या रक्तातही तो निघाला. लेकीच्या नाही, तिला जन्मल्याबरोबर लस टोचलेली होती आणि ती त्या लसीच्या जोरावर सुटली. वहिनी आणि माझा नवरा दोघंही कोरे निघाले, त्यांना लगेच लस सुरू झाली. वहिनीचा ताप साधा होता, दोन दिवसांत गेला. माझं लिव्हर अजून धड होतं, विषाणू कमी होते. मला गोळीची गरज आत्ता नाही, पण दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी चुकवायची नाही, डॉक्टरबाईंनी बजावलं. मी आजवर दुसऱ्यांना तारखा देत आले, तुमचा चष्मा अमक्या दिवशी मिळेल. आता माझी तारीख कॅलेंडरवर लागली.

तलावावर बातमी पोचली तेव्हा थोडी कुजबुज झाली. दोन माणसांनी यायचं बंद केलं. व्यवस्थापकाने दादाला बोलावून चाचरत विचारलं की पाण्यातून काही होणार नाही ना. दादाने डॉक्टरबाईंची चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली. सकाळी पोहायला येणाऱ्या आजीबाईंपैकी एकीने व्यवस्थापकाला सुनावलं की पाणमांजर नसेल तर आम्हीही नाही, आणि विषय संपला.

वर्ष झालं. दादाच्या पोटात आता पाणी साठत नाही. डोळ्यांचा रंग निवळलाय, पुरता नाही. विषाणूंचा आकडा मागच्या वेळी इतका खाली गेला की मशिनला तो मोजताच आला नाही. लिव्हरवरचे वण तसेच आहेत, ते जाणार नाहीत. तो लवकर दमतो, दुपारी घरी येतो. पण सकाळचे दोन तास तो पाण्यात असतो.

फाइल आता नवी आहे, पातळ. तिच्यात कारणाच्या रकान्यात दुसरं नाव आहे. जुनी वहिनीने फेकली नाही, माळ्यावर टाकली.

गेल्या मंगळवारी आमची दोघांची तारीख एकाच दिवशी आली. मी दुकानातून परस्पर गेले, तो तलावावरून. त्याच्या केसांना अजून पाण्याचा वास होता. आम्ही दोघांनी मिळून एक सफरचंद खाल्लं, साल न काढता, आणि तो मला एका कारकुनाबद्दल सांगत होता जो सतरा दिवसांनी पहिल्यांदा हात सोडून तरंगला आणि मग लाजेने पाण्यातच तोंड लपवून बसला. दार उघडलं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी डोकं बाहेर काढून विचारलं, आधी भाऊ की बहीण?

"ती," दादा म्हणाला. "तिला कामावर परत जायचंय."

मी उठले, बाही कोपराच्या वर सारली आणि आत गेले.